सोलापुरात नवे आहात? तीन राजांच्या सणापासून पॅरिशमध्ये मिसळायला लागा

बदली होऊन, लग्न करून, दवाखान्यातल्या नोकरीसाठी किंवा शिकायला म्हणून सोलापुरात आलेलं कॅथलिक माणूस चर्चमध्ये पहिल्यांदा दिसतं ते नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला. त्या रात्री पाय ठेवायला जागा नसते. शुभेच्छा सगळ्यांना मिळतात, ओळख मात्र कोणाशीच होत नाही. मग हेच माणूस एकदम झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, येतं, आणि अशी दोन-तीन वर्षं गेली की "इथे आपलं कोणी नाही" म्हणायला लागतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण ३१ डिसेंबरपासून प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंतचे दिवस नवख्यांसाठी फार चांगले असतात. गर्दी ओसरलेली असते, फादरांना दोन मिनिटं बोलायला सवड असते, आणि सणही असतो तो परक्या मुलखातून वाट विचारत आलेल्या लोकांचा. हे दिवस हातचे घालवू नका. काय, कधी आणि कसं करायचं ते पुढे क्रमानं लिहिलं आहे.

तारखा आधी लिहून ठेवा

प्रकटीकरणाचा सण, म्हणजे आपल्या बोलण्यातला तीन राजांचा सण, मुळात ६ जानेवारीचा. भारतात तो २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान जो रविवार येतो त्या दिवशी होतो. २०२७ मध्ये हा रविवार ३ जानेवारीला आहे, २०२८ मध्ये २ जानेवारीला. २०२७ मध्ये त्यापुढच्या रविवारी, १० जानेवारीला, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण. त्या दिवशी नाताळचा काळ संपतो आणि सोमवारपासून फादरांच्या अंगावर पांढऱ्याऐवजी हिरवी वस्त्रं दिसू लागतात.

२०२७ ची सुरुवात तर एकाला एक लागून आली आहे. गुरुवारी ३१ डिसेंबर. शुक्रवारी १ जानेवारी, देवमाता मरियेचा सण, आणि तोच महिन्याचा पहिला शुक्रवार, येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीचा. मधला शनिवार सोडला की रविवारी तीन राजे. सुट्टी मागायची असेल, ड्यूटी बदलून घ्यायची असेल तर डिसेंबरातच सांगा. रेल्वेत आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या चर्चच्या परिवारात, गोव्याकडची कुटुंबं असतील तर ती ६ जानेवारीलाच सण म्हणतील, कारण गोव्यात रेइस मागोस, चांदोर आणि कुएलिमची तीन राजांची फेस्तं त्या तारखेला होतात. केरळच्या सिरो-मलबार (पूर्वेकडच्या रीतीच्या कॅथलिक) घरांमध्ये ६ जानेवारीला 'दनहा' असतो आणि त्यात भर असतो तो यार्देन नदीतल्या येशूच्या बाप्तिस्म्यावर. दोघांचंही बरोबर आहे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, तमिळ, मल्याळी, कोंकणी अशा सगळ्या घरांतली माणसं एकाच वेदीपुढे येतात, त्यामुळे एकाच सणाच्या तीन तऱ्हा कानावर पडल्या तर गोंधळू नका. उलट विचारा. आपल्याकडे कसं करतात हे सांगायला लोकांना फार आवडतं, आणि ओळख तिथूनच सुरू होते.

आधी चर्चच्या ऑफिसात जा

नाताळनंतरच्या आठवड्यात एकदा दिवसाउजेडी, मिस्सेची वेळ सोडून, चर्चच्या ऑफिसात जा. मिस्सा संपल्यावर दारात फादरांना गाठून नाव-गाव सांगणं पुरेसं नाही. त्या वेळी त्यांच्याभोवती वीस माणसं असतात.

सोबत काय न्यायचं? बाप्तिस्म्याचा दाखला, चर्चमधल्या लग्नाचा दाखला, मुलांच्या बाप्तिस्म्याचे दाखले, आणि मिळालंच तर आधीच्या पॅरिशच्या फादरांचं पत्र. झेरॉक्स न्या आणि मूळ कागद दाखवायला ठेवा. कागद गावाकडे राहिले असतील तर त्यासाठी थांबू नका. रिकाम्या हातानं गेलात तरी नाव, पत्ता आणि फोन नंबर कुटुंब-नोंदवहीत लिहून घेतील, कागद नंतर आणता येतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात लोकांची पुढे फार धावपळ होते. तुमच्या बाप्तिस्म्याची मूळ नोंद जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चच्या वहीत कायम राहते. तुम्ही सोलापुरात दहा वर्षं राहिलात तरी ती इकडे येत नाही. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न यांची टीपही त्याच मूळ नोंदीशेजारी केली जाते. म्हणून लग्न ठरलं की त्या मूळ चर्चमधून नव्यानं काढलेला दाखला लागतो आणि तो साधारणपणे सहा महिन्यांच्या आतला मागतात. आईच्या ट्रंकेतला पिवळा पडलेला कागद तेवढ्यासाठी चालत नाही. तो दाखला सोलापूरच्या ऑफिसात मागून मिळणार नाही, मात्र कुठे आणि कसं लिहायचं हे तिथे नक्की सांगतील.

त्याच भेटीत आणखी चार गोष्टी विचारून घ्या. कोणती मिस्सा मराठीत आणि कोणती इंग्रजीत. ३१ तारखेच्या रात्रीचा कार्यक्रम किती वाजता. घराचा आशीर्वाद मागायचा असेल तर नाव कुठे द्यायचं. आणि आपण राहतो त्या भागात, मग ते जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो की रेल्वे लाइन्स, जवळ कोणती कॅथलिक कुटुंबं आहेत. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. वस्तीतल्या प्रार्थनेचा गट सापडला की अर्धं काम झालं.

पॅरिशच्या व्हॉट्सअॅप गटात नंबर घालायला सांगा. मिस्सेच्या वेळा बदलल्याची खबर सगळ्यात आधी तिथेच येते.

३१ डिसेंबरची रात्र आणि १ जानेवारीची सकाळ

३१ तारखेला बहुतेक चर्चमध्ये सरत्या वर्षाबद्दल उपकारस्तुती, पवित्र साक्रामेंताची (वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीची) आराधना आणि मग मिस्सा असा क्रम असतो. जाताना एक लहानसा कागद सोबत न्या आणि वर्षभरात ज्यांनी मदत केली त्यांची नावं त्यावर लिहा. आराधनेत बराच वेळ शांतता असते. नव्या माणसाला त्या शांततेत काय करायचं ते कळत नाही, तेव्हा नावं एकेक करून वाचत प्रार्थना करावी. त्या वर्षी घरातलं कोणी गेलं असेल तर त्याचंही नाव लिहा.

रात्री उशिरा रिक्षा मिळणं कठीण जातं आणि सोडायला तयार झालेला रिक्षावाला दुप्पट मागतो. वस्तीतल्या कुणाच्या गाडीत जागा आहे का हे आधीच विचारा. लाजू नका, त्या रात्री लोक आनंदानं बसवून नेतात.

१ जानेवारी हा देवमाता मरियेचा सण. पोप सहावे पॉल यांनी १९६८ पासून हाच दिवस जागतिक शांती दिन म्हणून पाळायला सांगितला, म्हणून त्या दिवसाच्या प्रार्थनांमध्ये शांतीचा उल्लेख येतो. रात्रीच्या मिस्सेला गेला असाल तर सकाळी पुन्हा जायलाच हवं असं नाही, पण मला स्वतःला सकाळचीच मिस्सा अधिक आवडते. चर्च अर्धं रिकामं असतं, ज्येष्ठ मंडळी असतात, आणि मिस्सेनंतर अंगणात ती सावकाश बोलतात. नव्या माणसाची ओळख करून देण्यात आजीबाईंचा हात कोणी धरणार नाही.

गव्हाणीतले राजे

घरात गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडली असेल तर एक सुंदर प्रथा करून पाहा. नाताळला तिन्ही राजे गोठ्यात उभे करू नका. त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत किंवा फ्रीजवर ठेवा, आणि रोज संध्याकाळच्या प्रार्थनेआधी मुलांच्या हातून थोडं थोडं पुढे सरकवा. सणाच्या रविवारी ते बाळापाशी पोहोचतात. मुलांना यातून जे कळतं ते सांगून कळत नाही.

सोलापूरच्या गव्हाणीत कडबा असतो. ज्वारीचा वाळलेला कडबा बारीक तोडून गोठ्यावर शाकारला की तो खरा आपल्याकडचा गोठा वाटतो, थर्मोकोलच्या बर्फाची गरजच उरत नाही. फक्त पणत्या आणि मेणबत्त्या त्यापासून हातभर लांब ठेवा आणि लायटिंगच्या माळा रात्री बंद करूनच झोपा. कडबा क्षणात पेटतो.

गव्हाणी २६ डिसेंबरला आवरायची घाई नको. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारपर्यंत ती राहू द्या.

सणाच्या मिस्सेला

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. दारात चपला काढलेल्या दिसल्या तर तुम्हीही काढा, नसतील तर नको. आत जाताना पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करायची, बाकाशी पोहोचल्यावर वेदीकडे तोंड करून गुडघा टेकायचा आणि मग बसायचं. डोक्यावर पदर किंवा ओढणी घेण्याची रीत जुन्या मराठी घरांतून अजून आहे, सक्ती नाही. मराठी प्रार्थनांची सवय नसेल तर दारातल्या टेबलावरून पुस्तिका मागून घ्या. गाणी कुठली घ्यायची हे बहुतेक ठिकाणी फळ्यावर लिहिलेलं असतं.

या मिस्सेची वाचनं दर वर्षी तीच असतात, त्यामुळे घरी आधी वाचून जाता येतं. यशया ६०:१-६, स्तोत्र ७२, इफिसकरांस पत्रातला तिसरा अध्याय आणि मत्तय २:१-१२. आदल्या रात्री मत्तयाचा उतारा सावकाश वाचा. त्यात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, किती होते हे लिहिलेलं नाही. ते राजे होते असंही लिहिलेलं नाही, आणि नावं तर नाहीतच. सोने, ऊद आणि गंधरस अशी तीन दानं होती म्हणून तीन माणसं धरली गेली. यशयाच्या आणि स्तोत्राच्या ओळींत राजे भेटी घेऊन येतात म्हणून त्यांना राजे म्हणू लागले. कास्पर, मेल्किओर आणि बाल्थासार ही नावं परंपरेनं आली. मुलं हमखास विचारतात, तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

मला त्या उताऱ्यात नेहमी जाणवतं ते वेगळंच. यरुशलेमेतल्या शास्त्रींना जागा तोंडपाठ होती, बेथलेहेम. पण निघाले ते परके, ज्यांना रस्ता माहीत नव्हता आणि जे विचारत विचारत आले. पॅरिशमध्ये नवीन येणाऱ्यानं हे मनाशी धरावं, आणि जुन्यांनी तर नक्कीच.

शुभवर्तमान वाचून झाल्यावर काही चर्चमध्ये त्या वर्षाच्या ईस्टरची आणि इतर मोठ्या सणांची तारीख जाहीर करतात. छापील कॅलेंडर घरोघरी नव्हती तेव्हापासूनची ही रीत मिस्सेच्या ग्रंथात आजही आहे. तुमच्या चर्चमध्ये ती असो वा नसो, २०२७ च्या तारखा टिपून घ्या: राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) १० फेब्रुवारी, ईस्टर २८ मार्च. त्या वर्षी ईस्टर लवकर आहे.

कम्युनियनविषयी स्पष्ट लिहिते, कारण विचारायला लोक कचरतात. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घेण्याआधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही खाऊ-पिऊ नये. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना यात सूट आहे. मनावर गंभीर पापाचं ओझं असेल तर आधी कन्फेशन, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली, करावं. मिस्सेच्या अर्धा तास आधी फादर बहुधा उपलब्ध असतात, नसतील तर ऑफिसात वेळ मागावी. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची जुनी प्रोटेस्टंट मंडळी आहेत, त्यामुळे घरात एक जण कॅथलिक आणि एक जण दुसऱ्या मंडळीतला, हे इथे नेहमीचं. हिंदू किंवा मुस्लिम मित्रही सणाला येतात. कॅथलिक नसलेल्यांनी ख्रिस्तशरीर घ्यायचं नसतं. त्यांनी बाकावर बसून प्रार्थना करावी. पाहुण्यांना हे मिस्सेच्या आधी, घरीच, प्रेमानं सांगा. रांगेत उभं राहिल्यावर खुणा करून सांगितलं की माणूस दुखावतो.

शेवटी बाळ येशूच्या मूर्तीचं चुंबन घ्यायला किंवा तिला हात लावून नमस्कार करायला रांग लागते. नंतर चहा असतो. त्या चहाला थांबा. मिस्सा संपल्या संपल्या गाडीला किक मारून निघून जाऊ नका, बाकी सगळं केलंत आणि हे टाळलंत तर ओळख होणार कशी?

खडू आणि घराचा आशीर्वाद

या सणाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट घरच्या दारावर घडते. काही पॅरिशमध्ये मिस्सेत खडूला आशीर्वाद देतात आणि घरोघरी एकेक तुकडा देतात. तुमच्या चर्चमध्ये ही प्रथा नसेल तर मिस्सेआधी फादरांना विचारून आपलाच पांढरा खडू पुढे करा. सहसा कोणी नाही म्हणत नाही. पवित्र पाण्यासाठी एक स्वच्छ बाटली घरूनच न्या.

घरी आल्यावर सगळ्यांनी मुख्य दाराशी जमायचं. दार उघडं, घराबाहेर थोडी जागा झाडून पाणी मारलेलं, रांगोळी काढत असाल तर एक तारा काढावा. घरातल्या कोणीतरी मत्तयाचा तोच उतारा मोठ्यानं वाचायचा. मग 'हे आमच्या बापा' आणि 'नमो मरिया'. त्यानंतर घरातल्या मोठ्या माणसानं चौकटीच्या वरच्या पट्टीवर खडूनं लिहायचं: वर्षाचे पहिले दोन आकडे, मग सी, एम, बी ही तीन इंग्रजी अक्षरं, मग वर्षाचे उरलेले दोन आकडे, आणि प्रत्येकाच्या मध्ये एक क्रूस. २०२७ साठी ते असं होईल: २० + सी + एम + बी + २७. तिन्ही अक्षरं राजांच्या नावांची समजतात, आणि 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' अशा लॅटिन वाक्याचीही. हात पोहोचत नसेल तर स्टूल घ्या, पण लिहिण्याचा मान आजी-आजोबांना द्या; त्यांना स्टुलावर चढवू नका, त्यांनी खालच्या बाजूला चौकटीवर लिहिलं तरी चालतं. मुलांना क्रूस काढू द्या.

मग पवित्र पाणी शिंपडत खोल्या फिरायच्या. स्वयंपाकघर, झोपायची खोली, मुलांची अभ्यासाची जागा, आणि पोटापाण्याचं साधनही. घरात शिलाई मशीन असेल, यंत्रमाग असेल, रिक्षा असेल, तर त्यावरही. सोबत उदाचा धूर केला तर छान. लहान मूल किंवा दमेकरी घरात असेल तर धूर नको.

भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाला विचारा. बाहेरच्या चौकटीवर नको म्हणाले तर दाराच्या आतल्या बाजूला लिहा. आशीर्वादात त्यानं काही कमी होत नाही. हा काही मंत्र-तंत्र किंवा दृष्ट काढण्याचा प्रकार नाही हेही मालकांना आणि मुलांना नीट सांगा. वर्षभर या दारातून जाता-येताना देवाची आठवण राहावी, आत येणाऱ्याचं स्वागत व्हावं, एवढ्यासाठी ही प्रार्थना आहे. लिहिलेलं आपोआप पुसट होत जाईल, ते पुसत बसू नका.

फादरांना घरी बोलवायचं असेल तर ऑफिसात नाव द्या आणि दोन-तीन पर्यायी वेळा सांगा. टेबलावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, वाटीभर पाणी आणि थोडं मीठ एवढी तयारी पुरते. घरातल्या सगळ्यांची आणि गेलेल्यांची नावं कागदावर लिहून ठेवा, म्हणजे फादर प्रार्थनेत ती घेतात. टीव्ही बंद. जेवणाचा थाट मांडून फादरांना अडकवू नका, त्यांना त्याच दिवशी आणखी पाच घरी जायचं असतं. चहा आणि एखादी करंजी पुष्कळ झाली. पैशाबद्दल बोलायचं तर आशीर्वादाला दर नसतो. स्वेच्छेनं पाकीट द्यायचं तर द्यावं. मिस्सा अर्पण करायची असेल तर त्याची नोंद आणि अर्पण ऑफिसात, आणि ज्याच्यापाशी द्यायला काही नाही त्याचीही मिस्सा होते. चर्चचा कायदाच फादरांना तसं सुचवतो. पैसे नाहीत म्हणून विचारायचं राहू देऊ नका.

गड्डा आणि संक्रांत

घराच्या आशीर्वादाची तारीख ठरवताना सिद्धेश्वर यात्रा ध्यानात घ्या. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांची मिरवणूक, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम आणि शोभेचं दारूकाम असा तो मोठा सोहळा असतो. शहराच्या मध्यभागातले रस्ते त्या दिवसांत बंद किंवा वळवलेले असतात आणि होम मैदानावरच्या गड्ड्याची, म्हणजे यात्रेतल्या जत्रेची, गर्दी पुढेही राहते. १२ जानेवारीला, १९३१ साली फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं स्मरण होतं, तेव्हाही मध्यभागात वर्दळ वाढते. त्यामुळे ४ ते ११ जानेवारी किंवा सरळ महिन्याचा शेवटचा आठवडा धरा.

नाताळचा फराळ शेजारी पाठवला असेल तर संक्रांतीला तिळगूळ आणि शेंगाच्या पोळ्या तुमच्या दारी येतीलच. डबा रिकामा परत करू नका.

मुलांचे राजे

सणाच्या दिवशी लहान मुलांना राजे करून वेदीपर्यंत मिरवत नेतात. तुमच्या मुलाला बोलावलं तर हो म्हणा, आणि भाड्यानं पोशाख आणायला धावू नका. मी पाहिलेला सर्वांत देखणा राजा सोलापुरी चादरीतला होता. जुनी, धुऊन मऊ पडलेली, मोराच्या नक्षीची चादर, खांद्यावर दोन सेफ्टी पिना, आणि कमरेला आईच्या साडीचा काठ. नवी जाड चादर घालू नका, सहा वर्षांचं पोर तिच्या वजनानं मागे ओढलं जातं. चादर घोट्याच्या वर दुमडून टाका घाला. मुकुट पुठ्ठ्याचा, आतून कापसाची पट्टी लावलेला, नाहीतर मूल मिस्सेभर कपाळ खाजवत बसतं. हातातली दानं बंद डब्यात द्या. उघडी वाटी वेदीपर्यंत पोहोचेस्तोवर रिकामी होते.

वर्षासाठी एक काम घ्या

एकच. उत्साहाच्या भरात क्वायर, तरुणांचा गट, गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी, वाचन असं सगळं अंगावर घेणारे मार्चपर्यंत दिसेनासे होतात. आवाज बरा असेल आणि मराठी स्वच्छ वाचता येत असेल तर वाचकांच्या यादीत नाव द्या. वाचन आधी घरी तीनदा मोठ्यानं वाचा, यशयातली गावांची नावं अडखळवतात. बोलायला संकोच वाटत असेल तर मिस्सेनंतर बाक पुसणं, फुलं लावणं, आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांबरोबर जाणं ही कामं आहेत. फुलं लावायला आलेल्या बायकांइतकी पॅरिशची माहिती कोणालाच नसते.

प्रौढ वयात बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांनी किंवा बाप्तिस्मा झाला पण दृढीकरण राहिलं अशांनी जानेवारीतच फादरांशी बोलावं. प्रौढांचा बाप्तिस्मा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो, २०२७ मध्ये २७ मार्चला. त्यासाठीची शेवटची तयारी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, १४ फेब्रुवारीला सुरू होते. शिकवणीला मात्र बहुधा वर्षभर किंवा अधिक काळ लागतो, म्हणून आज विचारलं तर पुढच्या ईस्टरचं ठरेल. घाई करून काही होत नाही आणि ते योग्यच आहे.

जानेवारीचा उरलेला भाग

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा. सोलापुरात वेगवेगळ्या मंडळ्या शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा एकत्र प्रार्थना ठेवली असेल तर आवर्जून जा. घरात मिश्र विवाह असेल तर दोघंही जा. त्या एका संध्याकाळी कोणाला पाहुणा असल्यासारखं वाटत नाही.

२४ जानेवारी २०२७ हा देवशब्दाचा रविवार, पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सुरू केलेला. २०२७ मध्ये रविवारची शुभवर्तमानं मुख्यतः मार्काची आहेत, आणि मार्क चारांत सर्वांत छोटा. रोज अर्धा अध्याय वाचला तर महिन्याभरात संपतो. २ फेब्रुवारीला मंदिरातल्या समर्पणाचा सण, त्या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. घरच्या प्रार्थनेसाठी लागणाऱ्या मेणबत्त्या घेऊन जा. दुसऱ्या दिवशी संत ब्लेझ, तेव्हा घशावर मेणबत्त्या धरून आशीर्वाद देतात.

गेल्या वर्षीच्या झावळ्या क्रुसामागे खोचून ठेवल्या असतील तर त्या टाकू नका. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये नेऊन द्या, राखेच्या बुधवारची राख त्यांचीच करतात. सोलापुरात नवे असाल आणि घरात झावळी नसेल तर शेजारच्या कॅथलिक घरी विचारा, त्यांच्या झावळ्या चर्चमध्ये पोहोचवायचं काम तुम्ही घेऊ शकता.